चोवीस ठिपके आणि एक रेषा : विश्वास किती ठेवायचा?

स्प्रिंगला एकेक वजन टांगायचे, दर वेळी तिची लांबी मोजायची, आलेखकागदावर ठिपके मांडायचे आणि त्यांतून एक सरळ रेषा काढायची, हा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे आणि करवूनही घेतला आहे. वर्गात आठ गट असले तर रेषेचे चढही आठ निघतात. एकाचा २.१, दुसऱ्याचा २.३, तिसऱ्याचा १.९. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "सर, यातला खरा कोणता?" आपण म्हणतो, "साधारण दोन धर." हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. साधारण म्हणजे किती? १.९ ते २.१, की १ ते ३?

संख्याशास्त्राने या 'साधारण'ला माप दिले आहे. त्याला विश्वास अंतराल म्हणतात. ते कसे काढतात, त्याचा अर्थ काय आणि, तितकेच महत्त्वाचे, ते कशाची हमी देत नाही, हे या लेखात पाहू. उदाहरण मात्र स्प्रिंगचे घेणार नाही. विज्ञानाच्या इतिहासात गाजलेली एक रेषा घेऊ. ती आहे एडविन हबल यांनी १९२९ साली काढलेली, विश्व प्रसरण पावते आहे असे सुचवणारी रेषा. तिच्यासाठी लागणारी सगळी आकडेमोड साध्या कॅल्क्युलेटरवर होते. आम्ही ती करून पाहिली आहे. वाचकांनीही करून पाहावी.

हबल यांचा तक्ता

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर सर्पिल तेजोमेघांचे वर्णपट घेत होते. यांतील बहुतेकांच्या वर्णपटरेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या दिसत. या ताम्रसृतीवरून ते तेजोमेघ आपल्यापासून किती वेगाने दूर जात आहेत हे काढता येई. पुढे हे तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका आहेत हे सिद्ध झाले.

वेग मोजणे त्या मानाने सरळ होते. अवघड होते ते अंतर. त्यासाठी हार्वर्ड वेधशाळेतील हेन्रिएटा लेविट यांच्या १९१२ सालच्या शोधाचा उपयोग झाला. सेफीड नावाच्या चल ताऱ्यांचे तेज ठरावीक काळाने कमीजास्त होते. हा काळ जितका मोठा, तितका तारा मुळातच अधिक तेजस्वी, असे लेविट यांना आढळले. म्हणजे काळ मोजला की ताऱ्याचे मूळ तेज कळते. रस्त्यावरचा दिवा शंभर वॅटचा आहे हे ठाऊक असले, तर तो किती मंद दिसतो यावरून तो किती दूर आहे हे काढता येते. तसेच हे. हबल यांनी माउंट विल्सन वेधशाळेतील शंभर इंची दुर्बिणीतून जवळच्या काही दीर्घिकांमधले सेफीड शोधले. जिथे सेफीड दिसत नव्हते तिथे दीर्घिकेतील सर्वांत तेजस्वी ताऱ्यांच्या आधारे अंतर ठरवले.

अशा २४ दीर्घिकांची अंतरे आणि वेग पुढे दिले आहेत. प्रत्येक जोडीत पहिला आकडा अंतराचा, दुसरा वेगाचा. अंतर मेगापार्सेकमध्ये आहे. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे. वेग किलोमीटर दर सेकंदाला असा आहे. वेग ऋण असेल तर ती दीर्घिका आपल्याकडे येत आहे.

(१) ०.०३२, १७०  (२) ०.०३४, २९०  (३) ०.२१४, −१३०  (४) ०.२६३, −७०
(५) ०.२७५, −१८५  (६) ०.२७५, −२२०  (७) ०.४५, २००  (८) ०.५, २९०
(९) ०.५, २७०  (१०) ०.६३, २००  (११) ०.८, ३००  (१२) ०.९, −३०
(१३) ०.९, ६५०  (१४) ०.९, १५०  (१५) ०.९, ५००  (१६) १.०, ९२०
(१७) १.१, ४५०  (१८) १.१, ५००  (१९) १.४, ५००  (२०) १.७, ९६०
(२१) २.०, ५००  (२२) २.०, ८५०  (२३) २.०, ८००  (२४) २.०, १०९०

पहिल्या दोन नोंदी मॅगेलनच्या मेघांच्या आहेत, सहावी देवयानी दीर्घिकेची आणि शेवटच्या चार कन्या समूहातील दीर्घिकांच्या. हे ठिपके आलेखकागदावर मांडून पाहा. स्प्रिंगच्या प्रयोगासारखे ते रेषेवर शहाण्यासारखे बसत नाहीत. ०.९ मेगापार्सेक या एकाच अंतरावर वेग −३० पासून ६५० पर्यंत पसरलेले आहेत. याचे एक कारण म्हणजे दीर्घिकांना शेजाऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे स्वतःची गती असते. शिवाय अंतरांतही चुका आहेत. तरीही दूरच्या दीर्घिका जास्त वेगाने जातात, असा ठिपक्यांचा कल दिसतो. प्रश्न असा, की हा कल खरा किती आणि आपल्या नजरेचा खेळ किती?

रेषा काढू

ठिपक्यांतून रेषा काढण्याची सर्वमान्य रीत म्हणजे लघुतम वर्ग पद्धत. रेषेपासून प्रत्येक ठिपका उभ्या दिशेने जितका वर किंवा खाली असतो, त्या फरकाला अवशेष म्हणतात. सर्व अवशेषांचे वर्ग करून बेरीज घ्यायची. ज्या रेषेसाठी ही बेरीज सर्वांत लहान, ती आपली समाश्रयण रेषा.

अंतराला क्ष आणि वेगाला य म्हणू. क्ष ची सरासरी ०.९११ आणि य ची ३७३.१ येते. प्रत्येक दीर्घिकेच्या क्ष आणि य मधून ही सरासरी वजा करायची. क्ष च्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ९.५८ येते. क्ष आणि य यांच्या विचलनांच्या गुणाकारांची बेरीज ४३५२ येते. दुसरीला पहिलीने भागले की चढ मिळतो, ४५४. रेषा दोन्ही सरासऱ्यांच्या बिंदूतून जाते, त्यावरून य-अक्षावरचा छेद −४१ येतो. म्हणजे,

वेग = −४१ + ४५४ × अंतर

दर मेगापार्सेकला वेग ४५४ किमी/सेकंद वाढतो, असे हा तक्ता सांगतो. खुद्द हबल यांनी सूर्याची आकाशगंगेतील गती हिशेबात घेऊन ४६५ ± ५० असा आकडा दिला होता. याच दीर्घिकांचे नऊ गट करून त्यांना ५१३ ± ६० असा दुसरा आकडा मिळाला. सोयीसाठी ते ५०० धरत. या चढालाच पुढे हबल स्थिरांक हे नाव मिळाले.

वेगळ्या दीर्घिका हाती आल्या असत्या तर?

आता वर्गातील त्या मुलीचा प्रश्न. हबल यांना वेगळ्या २४ दीर्घिका मिळाल्या असत्या तर चढ ४५४च आला असता का? हे अजमावण्याची एक सोपी युक्ती आहे. तक्त्यातील विषम क्रमांकाच्या बारा दीर्घिका घेऊन रेषा काढली तर चढ ३५७ येतो. सम क्रमांकाच्या बारा घेतल्या तर ५४४. आकाश तेच, दुर्बीण तीच, मोजणारा तोच, तरी निम्म्या तक्त्यांचे चढ इतके वेगळे! म्हणजे ४५४ या आकड्यातही असा बराच योगायोग मिसळलेला असणार.

हा योगायोग साधारण किती, हे सांगणारे माप म्हणजे चढाची प्रमाण त्रुटी. ती तीन गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट ठिपक्यांचे विखुरणे. आपल्या २४ अवशेषांच्या वर्गांची बेरीज करून तिला २४ ने नाही, २२ ने भागायचे. चढ आणि छेद या दोन राशी त्याच ठिपक्यांवरून काढल्यामुळे दोन स्वातंत्र्य मात्रा खर्ची पडल्या. त्याचे वर्गमूळ २३३ येते. म्हणजे एखादी दीर्घिका रेषेपासून साधारण २३३ किमी/सेकंद इतकी इकडेतिकडे असते.

दुसरी गोष्ट ठिपक्यांची संख्या. ठिपके जितके जास्त, तितका योगायोग कमी.

तिसरी गोष्ट बहुतेक वेळा विसरली जाते. ती म्हणजे क्ष चा पसारा. दोन विटांवर फळी ठेवा. विटा जवळजवळ असतील तर थोड्याशा धक्क्याने फळीचा कल बदलतो. विटा दूर ठेवल्या की फळी पक्की बसते. रेषेचेही तसेच आहे. स्प्रिंगच्या प्रयोगात ५०, ५५, ६० ग्रॅम अशी वजने घेणाऱ्या गटाचा चढ डळमळीत निघतो. ५० पासून ५०० पर्यंत वजने पसरणाऱ्या गटाचा पक्का निघतो.

या तिन्ही गोष्टी एका सूत्रात येतात. विखुरण्याला क्ष च्या विचलनांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळाने भागायचे. इथे ९.५८ चे वर्गमूळ ३.१०, म्हणून प्रमाण त्रुटी २३३ ÷ ३.१० = ७५.

अंतराल आणि त्याचा अर्थ

आता स्टुडंटचा टी-तक्ता उघडू. 'स्टुडंट' हे विल्यम गॉसेट यांचे टोपणनाव. ते डब्लिनमध्ये गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत काम करत. थोड्या नमुन्यांवरून किती निष्कर्ष काढावा हा त्यांचा रोजचा प्रश्न होता आणि त्यावरचा त्यांचा लेख १९०८ साली प्रसिद्ध झाला. २२ स्वातंत्र्य मात्रा आणि ९५ टक्के विश्वास यांसाठी तक्त्यात २.०७ हा आकडा मिळतो. ७५ ला २.०७ ने गुणले की सुमारे १५६. तो चढातून वजा केला आणि चढात मिळवला, की मिळते ९५ टक्के विश्वास अंतराल : २९८ ते ६१०.

याचा अर्थ सांगताना पुष्कळदा चूक होते. "खरा चढ या अंतरालात असण्याची शक्यता ९५ टक्के" असे आपण सहज म्हणून जातो. पण खरा चढ ही एक ठरलेली संख्या आहे. ती २९८ आणि ६१० च्या मध्ये एक तर आहे किंवा नाही. बदलते ते अंतराल, कारण ते तक्त्यावरून काढलेले असते. कोळी पाण्यात एका जागी स्थिर असलेल्या माशावर पुन्हा पुन्हा जाळे टाकतो आहे अशी कल्पना करा. मासा हलत नाही, जाळे दर वेळी थोडे वेगळे पडते. शंभरदा टाकले तर साधारण ९५ वेळा मासा जाळ्यात येतो. ९५ टक्के हा गुण जाळे टाकण्याच्या रीतीचा आहे, एका विशिष्ट फेकीचा नाही. पोलंडचे संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांनी १९३० च्या दशकात ही कल्पना स्पष्टपणे मांडली. हबल यांचा लेख त्याच्या आधीचा आहे, त्यामुळे त्यांचे ± ५० म्हणजे आजच्या अर्थाचे ९५ टक्के अंतराल नव्हे.

जाळ्याची ही हमी काही अटींवर असते. संबंध सरळ रेषेचा हवा. विखुरणे सर्व अंतरांवर साधारण सारखे हवे. ठिपके एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. क्ष चे आकडे बिनचूक हवेत. आपल्या तक्त्यात तिसरी अट थोडी मोडते. क्रमांक ५ आणि ६ या शेजारी दीर्घिका आहेत आणि शेवटच्या चारही एकाच समूहातल्या. म्हणूनच हबल यांनी गट करूनही हिशेब केला. चौथी अट किती मोडली होती हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्याकडे पुढे येऊ.

संबंध आहे की नाही?

अंतरालावरून आणखी एक प्रश्न सुटतो. समजा अंतर आणि वेग यांचा काही संबंधच नाही, म्हणजे खरा चढ शून्य आहे. याला शून्य गृहीतक म्हणतात. तसे असते तर ४५४ इतका चढ केवळ योगायोगाने मिळाला असता का? चढाला प्रमाण त्रुटीने भागू. उत्तर ६.०४ येते. म्हणजे चढ शून्यापासून सहा प्रमाण त्रुटी दूर आहे. मर्यादा २.०७ ची होती. संबंध नसताना इतका मोठा आकडा निघण्याची शक्यता सुमारे दोन लाखांत एक आहे. शून्य हे २९८ ते ६१० या अंतरालाच्या खूप बाहेर आहे, हे त्याच निष्कर्षाचे दुसरे रूप. म्हणून शून्य गृहीतक सोडून द्यावे लागते. दूरच्या दीर्घिका जास्त वेगाने जातात, हे खरे.

छेदासाठी हीच रीत लावली तर त्याचे अंतराल −२१४ ते १३२ येते. यात शून्य आहे. रेषा आरंभबिंदूतून जाते, म्हणजे वेग अंतराच्या सम प्रमाणात आहे, या कल्पनेला तक्त्याचा विरोध नाही. मात्र 'विरोध नाही' म्हणजे 'सिद्ध झाले' नव्हे. छेद −१०० असण्यालाही याच तक्त्याचा विरोध नाही.

दोन पट्टे

रेषेवरून अंदाज बांधताना दोन वेगळे प्रश्न असतात आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. २ मेगापार्सेकवरच्या दीर्घिकांचा सरासरी वेग किती? रेषा सांगते ८६७. त्याचे ९५ टक्के अंतराल ६७१ ते १०६४. पण त्या अंतरावरची एखादी नवी दीर्घिका सापडली तर तिचा वेग किती असेल? मध्य तोच, पण अंतराल ३४६ ते १३८९. रेषा कोठे आहे याची अनिश्चितता आणि त्या एका दीर्घिकेचे स्वतःचे विखुरणे, अशा दोन्हींचा भार इथे येतो. कन्या समूहातल्या चार दीर्घिकांचे वेग पाहा : ५००, ८५०, ८००, १०९०. यांपैकी दोन सरासरीच्या पट्ट्याबाहेर आहेत, पण दुसऱ्या पट्ट्यात चारही बसतात. वर्गातील मुलांची सरासरी उंची आणि उद्या वर्गात येणाऱ्या एका मुलाची उंची यांत जो फरक, तोच हा.

सरासरीचा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा नसतो. १ मेगापार्सेकवर तो ३१४ ते ५१३ म्हणजे सुमारे २०० रुंद आहे, तर २ वर सुमारे ३९०. ठिपक्यांच्या मध्याजवळ तो अरुंद आणि टोकांकडे रुंद होत जातो, डमरूसारखा. ठिपके जिथे संपतात त्याच्या पलीकडे रेषा वाढवणे किती जोखमीचे आहे, हे या आकारावरून दिसते.

जाळे पडले, मासा भलतीकडेच

इथवर सगळे नीट जमले. आता खरे उत्तर पाहू. आजच्या मोजमापांनुसार हबल स्थिरांक ७० च्या आसपास आहे. आणि आपले अंतराल २९८ ते ६१०! खरे मूल्य जाळ्याच्या काठाशीसुद्धा नाही.

हा फरक कागदावरचा नव्हता. प्रसरणाचा वेग सतत सारखा होता असे धरले, तर अंतराला वेगाने भागून सर्व दीर्घिका एकत्र असण्याला किती काळ झाला ते काढता येते. ४५४ वरून हा काळ सुमारे २.१ अब्ज वर्षे येतो. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय ४.५५ अब्ज वर्षे काढले. त्याच्या आधीही किरणोत्सारावरून मोजलेली काही खडकांची वये दोन अब्ज वर्षांच्या घरात गेली होती. लेक आईपेक्षा वयाने मोठी! आपल्या अंतरालाचे खालचे टोक, २९८, घेतले तरी काळ ३.३ अब्ज वर्षांपुढे जात नाही. १९४८ साली बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी विश्वाला आरंभच नाही असे सांगणारा स्थिरस्थिती सिद्धांत मांडला, त्यामागे ही वयाची अडचणही होती. पुढे केंब्रिजमध्ये हॉइल यांच्यासमवेत डॉ. जयंत नारळीकर यांनी याच विचारधारेवर काम केले.

चूक कोठे होती? शिंप्याकडची कापडी टेप वर्षानुवर्षे वापरून ताणली गेली, तर १०० सेमीचे कापड ती ९५ सेमी दाखवते. त्या टेपने हजार वेळा मोजा, सरासरी घ्या, प्रमाण त्रुटी काढा. अंतराल अगदी अरुंद येईल आणि ९५ च्या भोवती येईल. हबल यांची अंतराची टेप अशीच ताणलेली होती. १९५२ साली रोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत वॉल्टर बाडे यांनी दाखवले की सेफीड तारे दोन जातींचे आहेत आणि त्यांची गल्लत झाली होती. जे तारे वापरून अंतरे काढली, ते समजुतीपेक्षा सुमारे चौपट तेजस्वी होते. दिसणारे तेज अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून एका फटक्यात अंतरे दुप्पट झाली. १९५८ साली ॲलन सँडेज यांनी आणखी एक चूक दाखवली. दूरच्या दीर्घिकांत हबल ज्यांना सर्वांत तेजस्वी तारे समजले, त्यांतील कित्येक वास्तविक चकाकणारे वायूचे ढग होते. सँडेज यांचा स्थिरांक ७५ पर्यंत खाली आला.

आता एक प्रयोग करा. तक्त्यातील सर्व अंतरे सातपट करा. चढ ४५४ ऐवजी ६५ होईल. प्रमाण त्रुटी ७५ ऐवजी सुमारे ११ होईल. त्यांचा भागाकार मात्र तोच, ६.०४. सहसंबंध गुणांकही तोच, ०.७९. ठिपक्यांचे विखुरणे, रेषेच्या वर किती आणि खाली किती, सगळे जसेच्या तसे. म्हणजे टेप सातपट चुकलेली असली तरी तक्त्यात त्याची एकही खूण राहत नाही. तक्ता कितीही तपासला, ठिपके कितीही वाढवले, तरी ही चूक आतून सापडणार नाही. तसे घडलेही. १९३१ साली हबल आणि ह्यूमसन यांनी सुमारे २०,००० किमी/सेकंद वेगापर्यंतच्या दीर्घिका मोजल्या. क्ष चा पसारा खूप वाढला, विटा दूर गेल्या, फळी पक्की बसली. स्थिरांक आला ५५८. खऱ्या मूल्यापासून तो आणखी लांब गेला.

प्रत्यक्षात प्रत्येक अंतर नेमके सातपट चुकले नव्हते. देवयानीचे अंतर ०.२७५ दिले होते, ते आज सुमारे ०.७८ मानतात. कन्या समूह २ वर मांडला होता, तो १६ च्याही पलीकडे आहे. दूर जावे तशी चूक वाढत गेली होती. पण मुद्दा तोच राहतो.

यातून आमच्या मते सर्वांत मोलाचा धडा असा. "संबंध आहे का?" या प्रश्नाचे उत्तर टेपच्या ताणावर अवलंबून नव्हते, म्हणून १९२९ च्या तक्त्याने ते बरोबर दिले आणि ते आजही टिकून आहे. "संबंध किती?" हे उत्तर टेपवर अवलंबून होते, म्हणून ते साफ चुकले. विश्वास अंतराल विखुरण्याचा हिशेब ठेवते, मोजपट्टीची जामीनकी घेत नाही. एकाच बाजूला झुकलेली, म्हणजे पद्धतशीर त्रुटी पकडायची तर दुसऱ्या पट्टीने मोजावे लागते.

आज शास्त्रज्ञ नेमके हेच करत आहेत. विश्वाच्या बाल्यावस्थेतील सूक्ष्मतरंग प्रारणावरून प्लँक उपग्रहाच्या गटाने २०१८ साली ६७.४ ± ०.५ हा आकडा दिला. सेफीड आणि अतिनवताऱ्यांवरून ॲडम रीस यांच्या गटाने २०२२ साली ७३.० ± १.० हा. इथे ± म्हणजे एक प्रमाण त्रुटी. दोन आकड्यांतला फरक ५.६, आणि या फरकाची प्रमाण त्रुटी म्हणजे दोन्ही त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, १.१ च्या आसपास. फरक सुमारे पाच प्रमाण त्रुटींचा झाला. याला योगायोग म्हणणे कठीण आहे. तेव्हा एक तर कोणाची तरी टेप थोडी ताणलेली आहे, किंवा विश्वाविषयीच्या आपल्या समजुतीत काही उणे आहे. हा वाद अजून मिटलेला नाही.

वर्गात काय करता येईल?

एक : वरचा तक्ता आलेखकागदावर मांडून प्रत्येक विद्यार्थ्याला नजरेने रेषा काढू द्यावी. सर्वांचे चढ फळ्यावर लिहावेत आणि ते २९८ ते ६१० मध्ये किती पडतात ते पाहावे.

दोन : चोवीस चिठ्ठ्या करून डब्यात टाकाव्यात. एक काढायची, क्रमांक लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची, असे चोवीस वेळा. काही दीर्घिका दोनदा येतील, काही येणारच नाहीत. या नव्या तक्त्याचा चढ काढावा. वर्गातील प्रत्येकाने एकेक चढ काढला की चढांचे विखुरणे डोळ्यांसमोर येते. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ साली मांडलेल्या रीतीचे हे हाती करण्याजोगे रूप आहे. संगणकावर स्प्रेडशीट असेल तर हे काम मिनिटांत होते.

तीन : स्प्रिंगच्या प्रयोगात दोन गटांना न सांगता वेगळ्या पट्ट्या द्याव्यात. एक चांगली, दुसरी झेरॉक्सवर थोडी मोठी करून छापलेली कागदी. दोन्ही गट आपापले अंतराल काढतील. दोन्ही रेषा सुबक येतील. मग दोघांची उत्तरे शेजारीशेजारी लिहावीत आणि वर्गाला कारण शोधू द्यावे. आपलीच वही पुन्हा पुन्हा तपासून ते सापडत नाही. दुसऱ्याची पट्टी मागून घ्यावी लागते, हे मुलांना स्वतःहून उमगले तर तास सार्थकी लागला.

आणि "यातला खरा कोणता?" असे विचारणाऱ्या मुलीला आता थोडे अधिक नेमके उत्तर देता येईल. चढ लिही, त्याच्यापुढे त्याचे अंतराल लिही, आणि त्याखाली कोणत्या पट्टीने मोजले तेही लिही.